बैलाला मत नसतं

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय एका दोन अक्षरी शब्दावर: मत.

या शब्दाचा अर्थ शेजारच्या क्रियापदावरून ओळखावा. मत मांडलं, बनवलं, बदललं, तर ते विचाराचं मत. मत टाकलं, पडलं, फुटलं, बाद झालं, तर ते निवडणुकीचं. 'दिलं' तेवढं दोन्हीकडं चालतं. पुन्हा सांगतो, मांडलं ते विचाराचं, पडलं ते निवडणुकीचं. आणि विचाराच्या मताला धनी लागतो. 'माझं मत' असतं, 'तुमचं मत' असतं. पाऊस पडतोय, हे कुणाचंच मत नव्हे, अंगणात जाऊन बघा. उलट चहात आलं ठेचूनच घालावं, किसून घालू नये, हे माझं मत. खरं तर ते मत नाहीच, सत्य आहे, पण आमच्या घरात कुणी ऐकत नाही.

तिसरा अर्थ जुना आहे. मत म्हणजे सिद्धांत, पंथ. शंकराचार्यांचं अद्वैत मत, मध्वाचार्यांचं द्वैत मत. मराठीत हा अर्थ पोथी-कीर्तनापुरता उरला. कन्नडमध्ये तो अजून चालता आहे. तिथं मत म्हणजे धर्म, पंथ, आणि निवडणुकीतलं मतही. विचाराच्या मताला मात्र ते बहुतेक 'अभिप्राय' म्हणतात. हे आमच्या मामाला ठाऊक नव्हतं.

मामा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, भातशेतीवाला. एकदा बैलजोडी बघायला बैलहोंगलच्या बाजारात गेला. त्याचं कन्नड म्हणजे एष्टु, बेकु आणि बेड. किती, पाहिजे, नको. तेवढ्यावर बाजार होतो. भाव तर रुमालाखाली बोटं धरून ठरतो, त्याला भाषा लागतच नाही. एक खिलारी जोडी त्याला आवडली. दात बघितले, खूर बघितले, बोटं धरली, आकडा जमत आला. पण उजवीकडच्या बैलाच्या चालीत त्याला काहीतरी खटकत होतं. आता मत काही बोटांनी विचारता येत नाही. मामानं धीर केला.

"निम्म मत एनु री?"

म्हणजे, तुमचं मत काय? शेतकरी जरा ताठ झाला. म्हणाला, "नावु लिंगायतरु री." आम्ही लिंगायत.

मामाला वाटलं, ऐकण्यात घोळ झाला. त्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाला, "निम्म मत अल्ल री! एत्तिन मत, एत्तिन मत!" तुमचं नव्हे हो, बैलाचं मत!

शेतकरी बैलाकडं बघतोय, मामाकडं बघतोय. शेवटी समजूत घालावी तसा म्हणाला, "एत्तिगे मत इल्ल री." बैलाला मत नसतं हो!

आजूबाजूचे दलाल हसून हसून बेजार. कुणी म्हणे बैलाला धर्म नाही, कुणी म्हणे बैलाचं नाव मतदारयादीत नाही. दोन्ही खरंच की! शेवटी त्या शेतकऱ्याचा मुलगा पुढं आला. तो बेळगावच्या वडगावात मागावर कामाला होता, मराठी कळायचं. "अप्पा, अभिप्राय केळाकत्त्यार." अभिप्राय विचारतायत.

मग त्या माणसानं अभिप्राय दिला. हा बैल कोरड्या काळ्या रानात सोन्यासारखा आहे, पण चिखलात पाय टाकायला कुरकुरतो. तुमची भातशेती असेल तर नेऊ नका. जमत आलेला सौदा त्यानं आपल्या तोंडानं मोडला. मामा जोडी न घेताच परतला, पण पुढं बैलहोंगलला गेला की जेवण त्याच्याच घरी. आणि कन्नडमध्ये बोलायचं झालं की मामा आधी 'अभिप्राय' म्हणून टाकायचा, मग बाकीचं वाक्य शोधायचा.

गंमत बघा, 'अभिप्राय' मराठीतही आहे. पण आपल्याकडं तो काहीतरी बघून, वाचून झाल्यावर द्यायचा असतो. वहीत लिहितात तो अभिप्राय. मत काय, न बघताही असतं. टीव्हीवर रोज रात्री आठ चौकटींत आठ जण बसतात, त्यांच्याकडं बघा!

वेळ संपत आला, एक सांगायचं राहिलं. मांडलेलं मत आणि पडलेलं मत आपल्या बेळगावात एकदा एकाच ठिकाणी आलं होतं. 1996 ची लोकसभा निवडणूक. सीमाप्रश्नाकडं देशाचं लक्ष जावं म्हणून लोकांनी उमेदवारी अर्ज भरले, आणि एका जागेसाठी उमेदवार झाले 456. चारशे छप्पन्न! निवडून यायला थोडेच उभे होते ते? मत मांडायला उभे होते. त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत रक्कम सर्वसाधारण उमेदवाराला 500 रुपये होती, ती 10,000 झाली. अनामतमधल्या 'मत'चा आपल्या मताशी काही संबंध नाही बरं का, तो शब्द 'अमानत'वरून आलाय.

या दहा हजारांवर मामाचाही अभिप्राय होता. तो रेडिओवर सांगता येण्यासारखा नाही. नमस्कार.