थराखालचा रंग

[चौकटीचा कोपरा. रंगाचा उचकटलेला पापुद्रा, अगदी जवळून.]

जुन्या घराला त्याच्या काळचा रंग द्यायचा म्हटलं की सगळे आधी पातं घेऊन खरवडायला बसतात. तळाशी जो रंग दिसेल तो शेडकार्डाशी ताडायचा आणि डबे मागवायचे. अशी रंगवलेली घरं हमखास मळकट दिसतात. अमेरिकेतल्या विल्यम्सबर्गची जुनी घरं १९३०च्या दशकात अशाच मवाळ, धुरकट छटांत रंगवली गेली. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा त्यातले बरेच रंग मुळात चांगलेच भडक होते असं निघालं.

असं का होतं? जवसाच्या तेलात कालवलेला रंग नव्या थराखाली अंधारात कोंडला की पिवळा पडतो. पांढरा मलईसारखा दिसतो, निळा हिरवट. तांब्यापासून केलेला हिरवा जंगाल तर चक्क तपकिरी होतो. शिवाय तळाचा थर म्हणजे पुष्कळदा नुसतं अस्तर असतं. ते घरात राहणाऱ्यांनी रंग म्हणून कधी पाहिलेलंच नसतं.

म्हणून नमुना घ्यायचा तो ऊन, पाणी आणि हात कमी लागलेल्या जागेवरून: बिजागरीमागून, नक्षीपट्टीच्या खालच्या कडेतून, खाचेतून. तीन ते पाच मिलिमीटरचा तुकडा पुरतो, पण त्याला खालचं लाकूड किंवा गिलावा चिकटलेला हवा. तो नसेल तर पहिला थर हाती आला की नाही, हे कळायला मार्ग नाही. भिंत, दार, छत यांचे नमुने वेगळे घ्यावेत, आणि जागा लिहिलेल्या पाकिटांत ठेवावेत.

[राळेच्या ठोकळ्यातला नमुना. सूक्ष्मदर्शकातलं दृश्य.]

तुकडा पारदर्शक राळेत बसवून, बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरनं घासून, शंभर ते दोनशे पट मोठा करून पाहतात. थरांमधल्या या काळ्या रेघा बघा. ही धूळ आणि काजळी आहे. रेघ असेल तर खालचा थर काही वर्षं उघडा होता. दोन थरांत रेघ नसेल, तर बहुधा एक अस्तर आणि दुसरा त्याच वेळचा शेवटचा हात. अतिनील प्रकाशात लाखेचं वॉर्निश नारिंगी चमकतं, जस्ताचा सफेदा पिवळट-हिरवा.

रंगद्रव्यं स्वतःच तारीख सांगतात. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, बर्लिनचा. कृत्रिम नीळ, म्हणजे अल्ट्रामरीन, १८२८च्या सुमाराची. त्याआधी ती लाजवर्दी दगडातून काढत, आणि इतकी महाग चीज घराच्या भिंतीला कोण फासणार! टायटॅनियमचा पांढरा दिसला, तर तो थर १९१०च्या दशकाआधीचा असूच शकत नाही.

छटा जुळवताना जागेवरच थर वाटोळे उघडत जातात, ओल्या पॉलिश पेपरनं, हलक्या हातानं. उघडा केलेला तेलरंग काही आठवडे उजेडात ठेवला की पिवळेपणा पुष्कळसा उतरतो. मगच तो मन्सेलच्या पट्ट्यांशी, म्हणजे प्रत्येक छटेला आकडा देणाऱ्या नमुन्यांशी ताडायचा, थेट उन्हात नाही, पसरट दिवसाउजेडी. अल्बर्ट मन्सेल यांनी ही पद्धत १९०५ साली मांडली. कंपन्या शेडची नावं बदलत राहतात. मन्सेलचा आकडा तोच राहतो.

घासताना एक गोष्ट विसरायची नाही: जुन्या तेलरंगात शिसं असतं. कोरडं घासणं आणि ज्योतीनं रंग जाळून काढणं पूर्ण बंद. शिशाची बारीक धूळ अडवणारा मास्क हवा, आणि मुलं व गरोदर बायका त्या खोलीपासून लांब.

[ओल्या भिंतीवर चुन्याचा हात देणारा ब्रश.]

छटा अचूक जुळूनही भिंत नवीकोरी दिसू शकते, कारण चुनारंगाच्या जागी इमल्शन आलेलं असतं. त्याचा सपाट पडदा चुन्याची खोली देत नाही आणि ओल आत कोंडतो. मग फोड येतात, गिलावा सुटतो. चुनारंग दुधाइतका पातळ हवा. भिंत आधी ओली करायची आणि तीन ते पाच हात द्यायचे, दोन हातांत एक दिवस सोडून. कोरड्या भिंतीवर दिला तर तो हाताला भुकटी सोडतो, जाड दिला तर तडकतो आणि इमल्शनवर तर धरतच नाही. रंगद्रव्य चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच, आणि तेही चुन्याला सोसणारं: गेरू, पिवडी, नीळ. प्रशियन निळा चुन्यात मरतो, तपकिरी पडतो. ओला हात पाहून घाबरायचं नाही. वाळल्यावर रंग बराच फिका होतो, म्हणून नमुना पूर्ण वाळू द्यायचा आणि मगच पसंती द्यायची.

पसंती देताना दिवाही बघावा. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन इथल्या छोट्या जेवणघराचा झळझळीत हिरवा आज अनेकांना अंगावर येतो. पण त्या काळी संध्याकाळी खोलीत मेणबत्त्या असत, आणि चकाकणारी भिंत तेवढा उजेड परत फेकत असे. अशा खोलीत निळसर पांढरा एलईडी लावला की सगळी मेहनत वाया. २७०० केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचा दिवा लावून पाहावा.

काम संपवताना प्रत्येक खोलीत कपाटामागे किंवा दारामागे हातभर पट्टा न रंगवता सोडतात, सगळ्या जुन्या थरांसकट. मिश्रणाचं प्रमाण आणि तारीख शेजारीच पेन्सिलीनं लिहितात.