मराठीचं म्युझियम कुठाय?

नमस्कार मंडळी. आपल्या इथल्या, जपानमधल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही होक्काइदो, म्हणजे अगदी उत्तरेचं बेट, फिरून आलात ना, त्यावर दहा मिनिटं बोला, हलकंफुलकं हं, जेवणाच्या आधीचा स्लॉट आहे. मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि कळलं की हलकंफुलकं जे काय होतं ते मी इन्स्टावर टाकून संपवलंय, आणि जे उरलंय ते माझ्या लेकीचं एकच वाक्य आहे, जे ऑगस्टपासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

ते सांगते. आधी प्रवास, नाहीतर नवरा रुसेल, एक्सेल शीट त्याने केली होती.

आम्ही गाडी घेऊन गेलो. ओआराईहून तोमाकोमाईला रात्रीची फेरी जाते, गाडी पोटात घालून, आणि सतरा-अठरा तासांनी तुम्ही होक्काइदोत. आता शहाणी माणसं अशा प्रवासाला काय नेतात? एक बॅग. आमच्या डिकीत तीन लिटरचा कुकर, भाजणीचा डबा, मेतकूट, गुळाची ढेप आणि खामगावहून आलेली ठेचलेली मिरची. का, तर तिकडे लांब कुठे काही मिळालं नाही तर! मंडळी, तिकडे शेवटच्या गावात सुद्धा सेकोमार्टचं दुकान आहे आणि त्यात गरम भात मिळतो. कुकर दहा दिवसांत एकदा लावला, वाक्कानाईच्या गेस्टहाउसमध्ये, आणि पहिल्या शिट्टीला शेजारच्या खोलीतले आजोबा चप्पल न घालता बाहेर आले, त्यांना वाटलं भूकंपाचा अलर्ट.

पण तो प्रदेश... काय सांगू. महाराष्ट्राच्या पाव भागापेक्षा थोडा मोठा आणि माणसं पन्नास लाखांच्या आसपास, त्यातली बरीचशी सप्पोरोतच. रुमोईच्या वर गेलं की डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला गवत, आणि तासभर समोरून चार गाड्या. मग समुद्रातून एकदम रिशिरीचा डोंगर वर येतो. १७२१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडा जास्तच, पण तो थेट पाण्यातून उभा आहे त्यामुळे अंगावर येतो. सोया केपला उभं राहिलं की जपान संपतो, पुढे ४३ किलोमीटरवर साखालिन. तिथे माझ्या नवऱ्याने काय करावं? आईला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाला, हे बघ, समोर रशिया. सासूबाई म्हणाल्या, स्वेटर घातलास का.

लेक दहा वर्षांची, पाचवीत आहे. तिला शाळेचं जियू केन्क्यू, म्हणजे सुट्टीतलं प्रोजेक्ट, करायचं होतं, ज्यांची मुलं इथल्या शाळेत आहेत त्यांच्या पोटात आता गोळा आला असेल, कारण ते प्रोजेक्ट मुलांचं असतं आणि करतात आयाच. तर तिने विषय घेतला रस्त्यावरच्या पाट्या. होक्काइदोत गावांची नावं बघा, नोबोरिबेत्सु, मोनबेत्सु, वाक्कानाई, इवानाई. शेवटी बेत्सु नाहीतर नाई. आइनू म्हणजे होक्काइदोचे मूळ रहिवासी, त्यांच्या भाषेत पेत म्हणजे नदी आणि नाय म्हणजे ओढा. वाक्कानाई म्हणजे गार पाण्याचा ओढा. जपानी आले, त्यांनी ऐकू आलं तसं नाव घेतलं आणि वर कांजी, म्हणजे त्यांची चित्रासारखी अक्षरं, बसवली, अर्थ जुळो न जुळो. मी तिला म्हटलं, अगं आपल्याकडे शीवचं सायन झालं ना, तसंच. ती म्हणाली, शीव काय? मी गप्प. म्हणजे मी मुंबईत चार वर्षं राहिले तेव्हा मीही सायनच म्हणायचे.

परतीच्या वाटेवर शिराओईला थांबलो. तिथे तळ्याकाठी उपोपोय आहे, आइनूंचं राष्ट्रीय म्युझियम, २०२० च्या जुलैत उघडलं. आत गेलं की पहिलाच विषय 'आमची भाषा'. पाट्यांवर आइनू आधी, जपानी नंतर. आइनू काताकाना या जपानी लिपीत लिहितात, फक्त काही अक्षरं बारकी काढतात, ज्या आवाजांना काताकानात जागाच नाही त्यांच्यासाठी. लेक एकदम खूश. आई, मला हे सगळं वाचता येतंय! आणि तिने खरंच एक अख्खी पाटी घडाघडा वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, पण कळत काहीच नाही.

आणि मला आठवलं की मराठीचं तिचं बरोब्बर उलटं आहे. कळतं सगळं. वाचता काहीच येत नाही.

तेवढ्यात ती म्हणाली, "आई, यांच्या भाषेसाठी एवढं मोठं म्युझियम बांधलंय. मराठीचं म्युझियम कुठाय?"

तिने कौतुकाने विचारलं हो. तिच्या डोक्यात म्युझियम म्हणजे बक्षीस. चांगल्या भाषेला मिळतं. आपल्याला का नाही मिळालं, एवढीच तिची तक्रार.

गाडीत बसल्यावर भांडण झालं. लेकीशी नाही, आमचं दोघांचं. नवरा म्हणाला, तू उगाच मनाला लावून घेतेस, मराठी बोलणारे आठ कोटी तीस लाख आहेत २०११ च्या सेन्ससला, आता २०२४ ला अभिजात दर्जा पण मिळाला, आपलं आणि आइनूंचं काय जुळतं, त्यांच्या भाषेचं तर युनेस्कोने २००९ लाच अगदी शेवटच्या टप्प्यावर म्हणून नाव लावलंय. मी म्हटलं, आठ कोटी आपल्या दोन खोल्यांच्या टूएलडीके फ्लॅटमध्ये राहत नाहीत. आपल्या घरात तीन माणसं, त्यातलं एक जपानीत उत्तर देतं. तो म्हणाला, आणि उरलेल्यातलं एक तिच्याशी इंग्लिशमधून बोलतं, ते कोण?

ते कोण, तर मी.

आता तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहितीये मी काय करते, पण नव्या लोकांसाठी सांगते, मी इथल्या प्रायमरी शाळेत इंग्लिश शिकवते. २०२० पासून इथे पाचवी-सहावीला इंग्लिश हा रीतसर विषय झाला आणि माझ्यासारख्यांची पोटापाण्याची सोय झाली. गंमत म्हणजे मी स्वतः खामगावला पाचवीतच एबीसीडी गिरवली होती, त्या वेळी आपल्याकडे पाचवीपासूनच असायचं, ती चार रेघांची वही आठवते ना. तर पाचवीत इंग्लिश भेटलेली बाई आज पाचवीच्या पोरांना इंग्लिश शिकवते. पहिल्या वर्षी एका मुलाने विचारलं होतं, सेन्सेई, तुमचं इंग्लिश कुठल्या देशाचं? मी म्हटलं, बुलढाणा. त्याने ते वहीत लिहून घेतलं.

आणि सवय अशी लागते की घरी आलं तरी तोंडातून हरी अप, शूज नीट ठेव, फिनिश युअर मिल्क. मी स्वतःला सांगत आलेय की हे तिच्या भल्यासाठीच आहे. हे 'भल्यासाठी' लक्षात ठेवा, मी परत येणारे त्याच्यावर.

पुढच्या मुक्कामाला आम्ही बिरातोरीत होतो, सारू नदीकाठी निबुतानी आहे त्या बाजूला. कायानो शिगेरू तिथले. १९२६ चा जन्म, आजीकडून आइनू ऐकत वाढले, पुढे टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्यांकडे जाऊन गोष्टी टेप केल्या, १९८३ ला गावातल्या पोरांसाठी भाषेचा वर्ग काढला, आणि १९९४ ला जपानच्या संसदेत गेलेले पहिले आइनू. तिथे उभं राहून ते आइनूत बोलले. मला हे वाचून भारी वाटलं आणि मग एक प्रश्न पडला, बाकीच्यांच्या आज्या पण बोलतच असतील की, मग त्या घरांत ती थांबली कुठे?

सरकारचा भाग आहेच, तो लहान नाही. १८९९ चा आइनूंसाठीचा कायदा, जो कागदावर १९९७ पर्यंत होता, जमिनी गेल्या, शाळा जपानीतून, शिकार-मासेमारीवर बंधनं. आइनू म्हटलं की वर्गात चिडवायचे. पण शेवटचा दरवाजा घरातूनच लागला. आईबापांनी ठरवलं, आपल्याला झालं ते पोरांना नको, त्यांच्यासमोर नाही बोलायचं. बोलायचंच तर पोरं झोपल्यावर, आपसात. भल्यासाठीच की.

आमच्या गेस्टहाउसमध्ये एक रिटायर्ड भूगोलाचे सर उतरले होते, ओसाकाकडचे, एकटे फिरत होते. रात्री स्वयंपाकघरात चहा घेताना त्यांनी विचारलं, इंडियात कुठे? मी म्हटलं महाराष्ट्र. तर म्हणाले, निहाली! मला वाटलं हा काही जपानी शब्द आहे जो मला अजून येत नाही, मी आपली मान डोलावली, आपण इथे डोलावतो तशी. ते म्हणाले, आइनूसारखीच आहे ना ती, कुठल्याच भाषेशी नातं लागत नाही, तुमच्याकडे बोलतात. मी खोलीत येऊन गुपचूप फोनवर बघितलं.

मंडळी, निहाली बुलढाणा जिल्ह्यात बोलतात. जळगाव जामोदकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, दोन-अडीच हजार माणसं. जळगाव जामोद! माझ्या मावशीचं सासर आहे तिथे. दर दिवाळीला यष्टीने आम्ही जायचो, वाटेत शेगावला उतरून दर्शन आणि कचोरी. बाजाराच्या दिवशी डोंगरातून माणसं यायची, डिंक, मोह, टोपल्या घेऊन, आपसात काहीतरी बोलायची, आणि आम्ही पोरं त्यांची नक्कल करून हसायचो. ते निहाली बोलत होते की तिकडचीच दुसरी आदिवासी भाषा, कोरकू, मला आज सांगता येणार नाही, कारण आम्ही कधी विचारलंच नाही, आमच्या लेखी ती भाषाच नव्हती. आणि ही बाई फेरीने अठरा तास जाऊन आइनूंसाठी डोळे पुसते.

अजून एक कबुली देते आणि मग तुमच्यावर येते. मी पुण्याला कॉलेजला गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात मेसमध्ये म्हटलं, मले भाजी नको. टेबलभर हसले. वाईट नव्हत्या मुली, आजही त्यातल्या दोघी जिवाभावाच्या आहेत. पण महिन्याभरात माझं 'मले-तुले' गेलं, 'काहून' गेलं, 'वं' गेलं. कोणी कायदा केला नव्हता. आज आई फोनवर म्हणते, काय करून रायली वं? आणि मी उत्तर देते, काही नाही गं, जेवण झालं. लेक म्हणते, आजी वेगळी मराठी बोलते. वेगळी नाही, बाळा, ती माझी होती.

आता तुम्ही. हसू नका, यादी मोठी आहे. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर 'tumhi kadhi yenar' हे असं, म्हणजे रोमनमध्ये, सगळे लिहितो, मी पण. नोबोरिबेत्सुला चिरी युकिए नावाची एक मुलगी होती, १९०३ चा जन्म. आजी आणि मावशीकडून ऐकलेली आइनू गाणी तिने वहीत उतरवली, तीही रोमन अक्षरांत, शेजारी जपानी अर्थ. रोमनमध्ये का, तर आइनूला स्वतःची लिपीच नव्हती. १९२२ ला ती गेली, एकोणीस वर्षांची, पुस्तक पुढच्या वर्षी आलं. आपल्याकडे बाराखडी आहे, आणि आपण म्हणतो कीबोर्ड बदलायला कंटाळा येतो.

गणपतीच्या कार्यक्रमात मुलांनी श्लोक म्हटले, छान म्हटले, पण स्टेजच्या मागे मी होते, प्रत्येकाच्या हातात रोमनमध्ये लिहिलेली चिठ्ठी, आणि एकाने 'सज्जना'च्या जागी चक्क 'सजना' म्हटलं, आणि आपण टाळ्या वाजवल्या. मग निवेदन इंग्लिशमधून, का तर मुलांना कळावं. मुलांना कळतं हो! बोलत नाहीत, कारण समोरून मराठी येतच नाही. रविवारच्या मराठी वर्गाला अठरा नावं आहेत आणि येतात पाच, त्यातली एक माझी, ती पण बाहेर पडली की वर्गातल्या मैत्रिणीशी जपानीत बोलते. मला शिकवायला सांगितलं होतं, मी म्हटलं वेळ नाही. शनिवारी दोन तास मी खासगी इंग्लिश शिकवते, त्याला वेळ आहे. तासाचे पैसे मिळतात.

नवरा परवा म्हणाला, तू आता अतिच करतेस, सकाळी उठल्यापासून मराठी, ती वैतागलीये. खरंय. मी हट्टाने फक्त मराठीत बोलायला लागले तर ती माझ्याशी कमी बोलायला लागलीये. शाळेत काय झालं ते आता बापाला सांगते, जपानीत. मी स्वयंपाकघरातून ऐकते. हे कसं करायचं ते ज्यांना जमलंय त्यांनी मला जेवताना सांगा, खरंच सांगा, उपदेश नको, तुम्ही रोज काय करता ते.

तर ते जियू केन्क्यू. एक सप्टेंबरला पोस्टर द्यायचं होतं. होक्काइदोचा नकाशा, निळ्या रंगात नद्यांची नावं, लाल रंगात ओढ्यांची, छान झालं होतं. खाली एक चौकट रिकामी होती, 'आमच्या घरातल्या भाषा'. तीन ओळी तिने आधीच जपानीत लिहून ठेवल्या होत्या. जपानी, मी आणि शाळा. इंग्लिश, आईचं काम. मराठी, आजी.

मी काही बोलले नाही. ती म्हणाली, आई, मराठी हा शब्द मराठीत लिहून दे ना, मी बघून काढते. मी कागदावर लिहून दिला. तिने आधी पट्टीने वरची रेघ मारली, लांबच लांब, मग त्या रेघेला एकेक अक्षर लटकवलं, दोरीवर कपडे वाळत घालतात तसं. म, रा, ठी. ठीची वेलांटी उलट्या बाजूला गेली. मला विचारलं, बरोबर आहे?

पोस्टर अजून शाळेच्या कॉरिडॉरमध्ये लावलेलं आहे. मी रोज त्याच्यासमोरून इंग्लिशच्या तासाला जाते.