ब्रिटनची ऑफर आली, आता आधी पैशांची तारीख ठरवा

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार. ब्रिटनमधल्या एखाद्या विद्यापीठाची सप्टेंबरच्या प्रवेशाची ऑफर हाती आली, की बहुतेक घरांत पहिली धावपळ सुरू होते ती डिपॉझिट, म्हणजे फीपैकी आगाऊ द्यायची रक्कम, भरण्याची. माझे म्हणणे असे आहे की, डिपॉझिट चार-आठ दिवस थांबू शकते. थांबू शकत नाही ती व्हिसासाठी दाखवायची रक्कम, कारण ती रक्कम खात्यात नुसती असून भागत नाही, तिला तिथे सलग २८ दिवस मुरावे लागते. हे २८ दिवस कोणत्या तारखेला सुरू करायचे, हे ठरले की बाकीच्या कामांचा क्रम त्याच्या मागेपुढे आपोआप लागत जातो. आजचे विवेचन भारतातून एक वर्षाच्या मास्टर्सला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

सर्वांत आधी ऑफर लेटर शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. ते ‘कंडिशनल’ असेल, तर प्रवेश अजून झालेला नाही. पदवीचे अमुक टक्के, आयेल्ट्सचे अमुक बँड, पासपोर्टची प्रत, शिफारसपत्र, यांपैकी काहीतरी विद्यापीठाने मागितलेले असते आणि ते पोहोचल्याशिवाय ऑफर ‘अनकंडिशनल’ होत नाही. आपल्याकडची खरी अडचण शेवटच्या सत्राच्या निकालाची असते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा निर्णय घेतला आणि निकाल इतके लांबले की, परदेशी प्रवेश घेतलेल्या मुलांच्या तोंडचे पाणी पळाले. तशी वेळ दर वर्षी येत नाही, पण निकाल, गुणपत्रिका, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि ट्रान्सक्रिप्ट या चार गोष्टी चार वेगवेगळ्या दिवशी हातात पडतात, हे गृहीत धरावे. म्हणून यांपैकी नेमका कोणता कागद चालेल आणि तो कोणत्या तारखेपर्यंत लागेल, हे विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला ई-मेलने आजच विचारून घ्यावे. फोनवर मिळालेले उत्तर पुढे दाखवता येत नाही, ई-मेल दाखवता येतो.

आता डिपॉझिट. ते भरण्याआधी विद्यापीठाचे परताव्याचे नियम वाचावेत. व्हिसा नाकारला गेला तर बहुतेक विद्यापीठे काही रक्कम कापून पैसे परत करतात, परंतु विद्यार्थ्याने स्वतःहून बेत बदलला तर चित्र निराळे असते, आणि खोटी कागदपत्रे दिल्यामुळे व्हिसा नाकारला गेला असेल तर परताव्याची आशाच सोडावी. तुमचा अर्ज कन्सल्टन्सीमार्फत गेला असेल, तर हेही ध्यानात ठेवा की, तुम्ही प्रत्यक्ष वर्गात दाखल झालात म्हणजे त्यांना विद्यापीठाकडून कमिशन मिळते. त्यात गैर काही नाही, पण ‘आजच भरा, उद्या जागा राहणार नाही’ असा आग्रह होतो तेव्हा तो कोणाच्या सोयीचा आहे, हे पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे. अंतिम मुदत ऑफर लेटरवर छापलेली असते.

डिपॉझिटच्या आधी आणखी दोन गोष्टींचा विचार घरात व्हायला हवा, कारण त्या कळेपर्यंत अनेकांचे पैसे गेलेले असतात. पहिली म्हणजे, १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्ससाठी पती, पत्नी किंवा मुलांना डिपेंडंट म्हणून नेता येत नाही. ती सवलत मुख्यतः पीएच.डी. आणि संशोधनाच्या पदव्यांपुरती उरली आहे. दुसरी म्हणजे, शिक्षण संपल्यावर राहून नोकरी शोधण्यासाठी जो ग्रॅज्युएट रूट आहे, त्याची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी दोन वर्षांवरून १८ महिन्यांवर येते, पीएच.डी. करणाऱ्यांची तीन वर्षे कायम आहेत. ज्यांनी कर्जाच्या हप्त्यांचे गणित दोन वर्षांच्या नोकरीवर मांडलेले आहे, त्यांनी ते पुन्हा मांडावे.

[पडद्यावर: २२,००० − ४,००० + १०,५३९ = २८,५३९ पौंड]

आता मुख्य मुद्द्याकडे येते. व्हिसासाठी जी रक्कम दाखवायची, तिचे दोन भाग असतात: एका वर्षाची उरलेली फी आणि राहण्या-जेवणाचा खर्च. हा खर्च ब्रिटिश सरकारने ठरवून दिलेला आहे. ११ नोव्हेंबर २०२५ पासून तो लंडनमध्ये शिकणाऱ्यांसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड आहे, आणि अभ्यासक्रम बारा महिन्यांचा असला तरी तो जास्तीत जास्त नऊ महिन्यांसाठीच धरला जातो. म्हणजे लंडनमध्ये १३,७६१ आणि बाहेर १०,५३९ पौंड. येथे विद्यापीठाच्या नावावर जाऊ नये, वर्ग कुठे भरणार ते पाहावे. कॉव्हेंट्रीसारख्या विद्यापीठांचे कॅम्पस लंडनमध्येही आहेत, आणि तिथे शिकणाऱ्याला लंडनचाच दर लागतो. समजा फी २२,००० पौंड आहे आणि तुम्ही ४,००० पौंड डिपॉझिट भरले आहे, तर लंडनबाहेरच्या विद्यार्थ्याला १८,००० अधिक १०,५३९, म्हणजे २८,५३९ पौंड दाखवावे लागतील. हिशेबापुरता पौंडाचा दर १२० रुपये धरला तर हे ३४ लाख २४ हजार ६८० रुपये होतात. दर दोनच रुपयांनी वाढला तरी सत्तावन्न हजारांचा फरक पडतो, आणि रुपयांचे पौंड करताना अर्ज भरण्याच्या दिवशीचा दर धरला जातो, पैसे जमा केल्या दिवशीचा नव्हे. म्हणून आकडा काठोकाठ ठेवू नये. दोन-अडीच लाख वर असलेले बरे.

२८ दिवसांचा नियम शब्दशः पाळला जातो. या काळात एकाही दिवशी शिल्लक ठरलेल्या आकड्याच्या खाली जाता कामा नये, आणि ज्या तारखेला हे २८ दिवस संपतात, ती तारीख अर्ज करण्याच्या दिवसापासून मागच्या ३१ दिवसांच्या आत असावी लागते. वडिलांच्या पगाराच्या खात्यात रक्कम ठेवली आहे आणि पाच तारखेला घराचा हप्ता, दहा तारखेला एसआयपी आपोआप कापली जाते, अशा खात्यात एखाद्या दिवशी शिल्लक दोन-चार हजारांनी खाली गेली आणि दुसऱ्या दिवशी पगार जमा होऊन वर आली, तरी मोजणी पहिल्यापासून सुरू होते. यावर उपाय एकच: व्हिसाचे पैसे ज्या खात्यातून कोणताही हप्ता जात नाही आणि ज्याचे एटीएम कार्ड कोणी वापरत नाही, अशा वेगळ्या खात्यात ठेवावेत, आणि डिपॉझिट भरायचे असेल तर ते दुसऱ्या खात्यातून भरावे. मुदत ठेव चालते, मात्र ती मुदतीआधी मोडता येणारी हवी. पीपीएफ, शेअर, म्युच्युअल फंड, विमा पॉलिसी आणि भविष्यनिर्वाह निधी यांचा येथे उपयोग नाही, मग त्यांत कितीही रक्कम असो.

महाराष्ट्रातल्या घरांसाठी यात दोन खाचखळगे आहेत. आपल्याकडे अनेक कुटुंबांची आयुष्यभराची बचत पतसंस्थेत किंवा गावच्या सहकारी बँकेत असते. ब्रिटिश नियमांना अशी वित्तसंस्था लागते जिच्यावर योग्य नियामकाची देखरेख आहे, जिचे व्यवहार संगणकीकृत आहेत आणि जिच्याकडून कागदांची खातरजमा करून घेता येते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत चालतात, त्यामुळे तेथील ठेवीच्या पावतीवर व्हिसाचा अर्ज टेकवण्याचा धोका मी तरी पत्करणार नाही. ती रक्कम काढून राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत आणावी आणि २८ दिवस तिथून पुढे मोजावेत. ठेव मोडायला आणि रक्कम वळती व्हायला जाणारा आठवडाही हिशेबात धरावा.

दुसरा प्रश्न पैसे कोणाच्या नावावर आहेत हा. खाते विद्यार्थ्याचे स्वतःचे, आईवडिलांचे किंवा कायदेशीर पालकाचे हवे. मामा, काका, आजोबा किंवा मोठा भाऊ यांच्या खात्यातले पैसे, त्यांनी कितीही प्रेमाने देऊ केले तरी, धरले जात नाहीत. ते तुमच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात आले पाहिजेत आणि तिथे २८ दिवस राहिले पाहिजेत. एकदम मोठी रक्कम आली असेल, जमीन विकून किंवा नातेवाइकांकडून, तर तिचा कागद हाताशी ठेवावा, कारण मुलाखतीत त्याबद्दल विचारले जाऊ शकते.

आईवडिलांचे खाते दाखवायचे म्हणजे त्यांचे संमतिपत्र आणि नाते सिद्ध करणारा जन्मदाखला लागतो. आधार किंवा रेशनकार्डावर हे काम भागत नाही. हा दाखला आज कपाटातून काढून नीट पाहा. जन्माची नोंद रुग्णालयाने बारशाच्या आधीच केलेली असल्यामुळे पुष्कळ जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो, आणि आईचे नाव कुठे माहेरचे, तर कुठे घरात हाक मारतात ते लिहिलेले असते. ते पासपोर्टवरच्या नावाशी जुळत नसेल, तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमध्ये किंवा ग्रामपंचायतीत दुरुस्ती करून घेण्यात आठवडे जातात. दाखला फक्त मराठीत असेल, तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतरही जोडावे लागते. व्हिसाच्या फॉर्मपेक्षा या एका कागदाने जास्त घरांची झोप उडवली आहे, असे माझे मत आहे.

शैक्षणिक कर्ज घेणाऱ्यांची यातल्या बऱ्याच कटकटींतून सुटका होते, कारण कर्जाच्या रकमेला २८ दिवसांची अट नाही. मात्र बँकेचे मंजुरीपत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवे, कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर शिक्षणासाठी मंजूर झालेले हवे, आणि व्हिसा मिळण्याखेरीज त्यात दुसरी अट राहिलेली नसावी. वडिलांनी घर तारण ठेवून स्वतःच्या नावावर काढलेले कर्ज हे या अर्थाने शैक्षणिक कर्ज नव्हे. ती रक्कम खात्यात ठेवून तिचे २८ दिवस भरावे लागतात. पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, लागत नाही आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो मुळीच लागत नाही. स्वतःच्या पैशांतून १० लाखांच्या वर गेलात, तर बँक तो कापून घेते, आणि पाठवणाऱ्याला तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. ज्यांचा खर्च शासनाच्या शिष्यवृत्तीतून होणार आहे, उदाहरणार्थ राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून, त्यांनी मंजुरीच्या पत्रात रक्कम आणि कालावधी स्पष्ट लिहून मागावा.

[पडद्यावर: कॅस]

ऑफर अनकंडिशनल झाली आणि डिपॉझिट जमा झाले, की विद्यापीठ ‘कॅस’ देते. तो प्रवेश पक्का झाल्याचा एक क्रमांक असतो आणि त्याच्याशिवाय व्हिसाचा अर्ज भरता येत नाही. त्याआधी बहुतेक विद्यापीठे तुमचे पैशांचे कागद तपासतात आणि ऑनलाइन मुलाखतही घेतात. याला कारण आहे. ज्यांना कॅस दिला त्यांच्यापैकी किती जणांचा व्हिसा नाकारला गेला, यावर विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना अवलंबून असतो. ही मर्यादा १० टक्के होती, आणि ब्रिटिश सरकारने मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ती ५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. त्यामुळे विद्यापीठे फुंकून फुंकून पावले टाकत आहेत. मुलाखतीत हाच विषय का, हेच विद्यापीठ का, कोणते विषय शिकणार, फी किती आणि ती कोण भरणार, असे साधे प्रश्न असतात, आणि पाठ केलेली उत्तरे ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येतात. अभ्यासक्रमातल्या दोन-तीन विषयांची माहिती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचलेली असेल, तर एवढी तयारी पुरते. कॅस आल्यावर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, फी आणि भरलेले डिपॉझिट हे सर्व ताडून पाहावे. डिपॉझिटची नोंद राहून गेली असेल, तर तेवढी रक्कम जास्त दाखवावी लागू शकते.

दरम्यान क्षयरोगाची तपासणी उरकून घ्यावी. ती ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते आणि प्रमाणपत्र सहा महिने चालते. छातीच्या एक्स-रेवर शंका आली तर थुंकीची तपासणी होते आणि तिच्या अहवालाला आठ आठवडेही लागू शकतात, म्हणून हे काम ऑगस्टवर ढकलू नये. अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र आणि अशाच काही संवेदनशील विषयांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ‘अटॅस’ नावाची परवानगीही लागते. तिला शुल्क नाही, पण दीड महिना सहज जातो. ती लागणार का, हे विद्यापीठ ऑफर लेटरमध्ये सांगते.

व्हिसाचा अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून ऑनलाइन भरता येतो. त्याच वेळी आरोग्य अधिभार भरावा लागतो, विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड. एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा मिळत असल्याने प्रत्यक्षात दीड वर्षाचे, म्हणजे १,१६४ पौंड जातात. ही रक्कम आणि व्हिसाची फी दाखवायच्या रकमेतून भरू नका. मग मुंबई, पुणे किंवा सोयीच्या केंद्रात बोटांचे ठसे द्यायचे, आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो.

व्हिसा आता पासपोर्टवर चिकटवून मिळत नाही, तो ई-व्हिसा असतो. ऑनलाइन खाते उघडून त्यात नाव, पासपोर्ट क्रमांक आणि मुदतीच्या तारखा बरोबर आहेत का, हे निघण्याआधी पाहावे. अभ्यासक्रम सहा महिन्यांहून मोठा असेल, तर तो सुरू होण्याच्या एक महिना आधीपासून ब्रिटनमध्ये प्रवेश करता येतो, पण ई-व्हिसावर जी आरंभतारीख असेल तिच्या आदल्या दिवशी उतरणारे स्वस्त तिकीट घेऊ नये. कॅसची माहिती, बँकेचे कागद आणि क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र यांच्या प्रती मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या बॅगेत ठेवाव्यात, कारण इमिग्रेशन अधिकारी ते मागतो तेव्हा मोठी बॅग अजून पट्ट्यावर आलेली नसते.