कातळाला चिकटून राहणारा मळ्या

श्रोतेहो, नमस्कार. मासा म्हटला की आपल्याला बांगडा आठवतो, नाहीतर सुरमई. म्हणजे घाट चढून आलेली मंडळी. आज बोलायचंय ते आपल्याच ओढ्यातल्या एका माशाबद्दल. बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या लोकांनी ओळखलाच असेल. मळ्या!

बोटभर मासा, पाठ शेवाळी-तपकिरी. वरून बघाल तर दगडच वाटेल. लहानपणी आजोबांनी मला एक धरून दिला. काचेच्या बरणीत पाणी घेऊन तो घरी आणला, तर हा पठ्ठ्या काचेला आतून चिकटलेला. बरणी हलवली तरी सोडेना. तेव्हा त्याची खालची बाजू नीट दिसली: तोंड पोटाकडे वळलेलं, आणि ओठामागे हनुवटीपाशी एक गोल, मांसल चकती. श्रावणात ओढा उसळत असतो तेव्हा ही चकती दगडावर दाबायची, छातीचे पर आडवे पसरायचे आणि तिथेच बसून शेवाळ खरवडायचं. राहायची नि जेवायची सोय एकाच दगडावर!

आजोबा म्हणायचे, मलप्रभा नदीतला म्हणून मळ्या. ऐकायला गोड, पण खरं नसावं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या माशांची वर्णनं छापली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावंच लॅटिनात बसवली. त्यांत मुरे आहे, खुद्री आहे, कोळस आहे, आणि आपला मळ्याही. शास्त्रात तो आजही 'गारा मुल्या'. भीमा-गोदावरीकडेही तो आहेच, मग नाव एकट्या मलप्रभेवरून कसं पडेल? मॉलमधल्या हौदात पाय सोडले की टाचा खरवडणारा 'गारा रुफा' हा त्याचाच तुर्कस्तानाकडचा भाऊबंद.

काही जण ओढ्यात ब्लीचिंग पावडर टाकून मासे धरतात. एका वेळच्या कालवणासाठी अख्खा ओढा मारायचा. याला मासेमारी कोण म्हणेल? आणि डोंगर उकरला की खाली लाल माती येते. दगडावर गाळ बसला, की शेवाळ गेलं, आणि चिकटायची जागाही गेली.

परवा गावी गेलो होतो. आजोबांच्या त्या डोहात दगड उचलला, तर खाली नुसता चिखल. थोडं वर चढलो, जिथे पाणी अजून खळाळतं. कातळावर दोघे होते. माझी सावली पडली तशी सटकले, आणि पुढच्या दगडाला जाऊन चिकटले.