छत्तीसचा आकडा

नमस्कार मंडळी. विषय छापलाय तो असा: इलेक्ट्रिक सायकलच्या मागच्या हब मोटरला जुळणारे गिअर कसे शोधावेत. मला पंचेचाळीस मिनिटं दिली आहेत. सांगायचं आहे ते खरं तर एका वाक्याचं, ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे दाराजवळ बसलेल्यांची सोय होईल. गिअरला आडनाव नसतं, मापं असतात. नावावरून शोधायला गेलात की फसलात. आता हे पटवायला उरलेली चव्वेचाळीस मिनिटं.

हे तीन गिअर तुमच्यात फिरवायला देतो. एक बोळका आहे, तो ओळखू येईलच. एक पिवळट आहे. आणि हा पांढरा, याचे दाते जरा मोजून ठेवा, शेवटी विचारणार आहे. फिरून झाले की परत द्या; तिन्हीत माझा जीव आहे, बोळक्यात जास्त.

हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्याच्या, आत काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे, तरी चित्र डोळ्यांपुढे असू द्या. मधे सन गिअर, म्हणजे सूर्य, तो रोटरवर, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागावर, बसलेला. त्याच्याभोवती तीन प्लॅनेट गिअर, ग्रह, बहुतेक वेळा नायलॉनचे. आणि बाहेरून सगळ्यांना कवेत घेणारी रिंग, ती हबच्या कवचाला जोडलेली. ग्रह ज्या चकतीच्या खुंट्यांवर फिरतात ती चकती एका बाजूनेच फिरणाऱ्या क्लचवर असते. मोटर जोर लावते तेव्हा क्लच चकतीला धरून ठेवतो, ग्रह जागच्या जागी फिरतात आणि रिंगला ढकलतात. म्हणजे रोटर उलटा फिरतो आणि चाक सुलटं. बरीच माणसं मोटर उघडून चालवून बघतात आणि घाबरून वायरी बदलतात. बदलू नका, ती उलटीच फिरायला हवी.

हे सगळं कशासाठी? सव्वीस इंची चाक ताशी २५ किलोमीटरला मिनिटाला जेमतेम २०० फेरे घेतं. छोट्या मोटरला तेवढ्या संथपणे फिरून ताकद काढणं परवडत नाही, तिला त्याच्या चौपट-पाचपट पळायचं असतं. मधला समेट हे ग्रह करतात. १८९५ मध्ये ऑग्डेन बोल्टन यांनी मागच्या चाकातच मोटर बसवलेल्या सायकलचं अमेरिकेत पेटंट घेतलं, त्यात गिअर नव्हतेच. सुखी माणूस. त्याला कुणी कधी 'गिअर मिळतील का हो' असं विचारलं नसणार.

आणि सूर्य-ग्रह हा शब्द काही या सायकलवाल्यांचा नाही. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला दांड्याची वरखाली हालचाल गोल करायची होती. त्यासाठी साधा क्रँक, सायकलच्या पेडलला असतो तसा दांडा, पुरला असता, पण त्याचं पेटंट आधीच पिकार्ड नावाच्या गृहस्थाच्या खिशात गेलं होतं. मग १७८१ मध्ये वॉटने सूर्य-ग्रह चक्राचं पेटंट घेतलं. कल्पना त्याच्याकडच्या विल्यम मर्डॉकची, असं मानतात. म्हणजे हा सगळा वंशच मुळी 'हवा तो भाग मिळेना' या रडगाण्यातून जन्मलेला आहे. मी फक्त परंपरा चालवतो आहे.

तर माझी ग्रहदशा ऐका. चढावर सायकल थांबवली आणि जागेवरून पूर्ण ताकद देऊन निघालो. हे करू नये असं मी स्वतः दहा जणांना सांगितलेलं. आधी टकटक, मग करकर, मग एकदम शांत घूंऽऽ. मोटर मजेत फिरतेय आणि चाक जागचं हलत नाही. अशा वेळी एक परीक्षा करा: चाक उचलून हाताने उलटं फिरवा. उलटं फिरवताना क्लच धरतो आणि मोटर सोबत ओढली जाते, त्यामुळे चाक जड लागायला हवं. माझं पंख्यासारखं फिरलं. म्हणजे गिअर गेले किंवा क्लच गेला. यातलं नेमकं कोण, ते उघडल्याशिवाय कळत नाही.

उघडलं. झाकण निघालं तेव्हा काळ्या ग्रीसमध्ये पांढरे कण, जणू कुणी नखं कापून टाकलीत. तिन्ही ग्रहांपैकी एक पार बोळका, दुसऱ्याचे दाते अर्ध्यावर वितळून वाकलेले. नायलॉन वितळतं दोनशे अंशांच्या बऱ्याच वर, पण मऊ कितीतरी आधी पडतं. गरम मोटर, एकदम झटका, आणि दाते आडवे. त्यात त्याचा दोष नाही हो. तो मरतो म्हणून स्टीलचा सूर्य, रिंग आणि क्लच जगतात.

विक्रेत्याला फोन केला. उत्तर आलं, सुटे गिअर मिळत नाहीत, अख्खी मोटर बदला. म्हणजे तीन दाढा दुखतात म्हणून डोकंच नवीन घ्या! ही माझी जुनी तक्रार आहे आणि तिच्यावर मी वेगळं व्याख्यान देऊ शकतो. आयोजक मान हलवताहेत, नको म्हणून. बरं.

मग मी तेच केलं जे करू नका म्हणून आज सांगायला आलोय. मोटरच्या कवचावरचं मॉडेल वाचलं आणि 'अमुक मॉडेलसाठी' असं लिहिलेले तीन गिअर मागवले. आले, छत्तीस दाते, ३८ मिलिमीटर व्यास. बसवायला गेलो तर माझ्या खुंट्या ८ मिलिमीटरच्या आणि यांच्या बेअरिंगचं भोक १० चं. गिअर खुंटीवर खुळखुळ्यासारखा. मॉडेल तेच, पण मधल्या काळात आतला माल बदललेला, आणि कवचावरचा शिक्का बदलायची तसदी कुणी घेतलेली नाही. पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवावा असा पापी विचार मनात आला, खोटं कशाला बोलू.

पण आता मला वाटलं, चूक फक्त भोकाची आहे. दाते किती, तर छत्तीस, ते कळलंच की. खात्रीसाठी आपले जुने मोजले. बोळक्यावर नखाने खुंट चाचपत, काही ठिकाणी 'इथे एक असणार' असं धरत. किती भरले? छत्तीस! अहो, भरणारच. उत्तर आधी ठरलेलं असलं की मोजणी आज्ञाधारक होते.

मग दोन महिने छत्तीस दाते, ८ मिलिमीटर भोक, याचा शोध. रुंदी जुळली पाहिजे, बेअरिंग जुळलं पाहिजे. शेवटी मिळाले, तो फिरतोय तो पिवळट. खुंटीवर असा अलगद गेला की डोळे पाणावले. पत्रिका जमली, छत्तीसच्या छत्तीस गुण! तिन्ही बसवले, सर्क्लिप, म्हणजे गिअर खुंटीवरून निसटू नये म्हणून असतात त्या कड्या, लावल्या, सूर्य मधे सरकवायला गेलो... जाईना. ग्रीस लावलं, जाईना. रबरी हातोडीने प्रेमाने समजावलं, जाईना. एक ग्रह काढून नुसती रिंग घालून पाहिली, तीही जाईना. सूर्याशी पटेना, रिंगशी पटेना. मराठीत छत्तीस या आकड्याचे हे दोन अर्थ का आहेत, ते मला त्या रात्री कळलं. छत्तीस गुण जुळले म्हणून आणला आणि निघाला छत्तीसचा आकडा.

काय झालं होतं? माझ्या गिअरला दाते होते पस्तीस. एक दाता जास्त, म्हणजे व्यास एक मिलिमीटर जास्त, सूर्याकडे अर्धा आणि रिंगकडे अर्धा. अर्धा मिलिमीटर पाहुणा म्हणून ठीक आहे, गिअरमध्ये तो...

चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. सात? मी पहिलंच वाक्य सांगून बसायला हवं होतं. असो, आता भराभर. लिहून घ्या.

मेलेला गिअर मोजूच नका. रिंग आणि सूर्य दोन्ही स्टीलचे, दोन्ही शाबूत असतात, ते मोजा. रिंगच्या दात्यांतून सूर्याचे वजा करा आणि निम्मे करा, ग्रहाचे दाते मिळाले. माझी रिंग ८९, सूर्य १९. वजा केले ७०, निम्मे ३५. ग्रहांचा पार भुगा झाला असला तरी उत्तर मिळतं. दोन महिने आणि एक संसार वाचला असता. आणखी एक ताळा: तीन ग्रह सारख्या अंतरावर बसायचे असतील तर रिंग आणि सूर्याच्या बेरजेला तीनने भाग गेला पाहिजे. ८९ आणि १९, १०८. भागिले तीन, छत्तीस. शेवटी छत्तीस निघाला तो इथे! काही मोटरींत ग्रह दुमजली असतात, एकाच आसावर दोन मापांचे दाते. तिथे हा हिशेब चालत नाही, दोन्ही मजले वेगळे मोजावे लागतात.

पुढे मॉड्यूल, म्हणजे दात्याची जाडीभरडी. दात्यांत दोन मिळवा आणि त्या बेरजेने बाहेरच्या व्यासाला भागा. ३७ मिलिमीटर, ३५ अधिक २, उत्तर १. उत्तर एक पूर्णांक शून्य-काहीतरी आलं तर घाबरू नका, बनवणारे दाते थोडे सरकवून कापतात. अशा वेळी वजाबाकीचं उत्तरही एखाद्या दात्याने हुकू शकतं, म्हणून मधल्या आसापासून खुंटीच्या मध्यापर्यंतचं अंतर व्हर्निअरने घ्या. १९ अधिक ३५, निम्मे, गुणिले मॉड्यूल: २७ मिलिमीटर यायला हवं. हे जुळलं की झोप लागते.

मग दात्यांची रुंदी. बेअरिंगचं आतलं भोक, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगच्या कडेवर नंबर असतो, ६०८ म्हणजे ८, २२, ७. बेअरिंग बदलून भोकाचा प्रश्न कधी कधी सुटतो, पण बाहेरचा व्यास तोच राहिला तरच. दाते सरळ की तिरपे ते बघा. तिरपे असतील तर कल डावा की उजवा: गिअर टेबलावर आडवा ठेवा, बाजूने बघा, दाते वर जाताना उजवीकडे झुकले तर उजवा. ग्रह आणि सूर्य यांचे कल एकमेकांच्या उलट, ग्रह आणि रिंगचा एकच. कोनही जुळला पाहिजे.

दोन मिनिटं, हो, बघतोय. स्टीलचे ग्रह घ्यावेत का? आवाज करतात, आणि पुढचा झटका क्लचवर जातो. मी घेत नाही. बदलाल तर तिन्ही एकदम बदला, दोन जुने आणि एक नवा असं केलंत तर सगळा भार नव्यावर. ग्रीस प्लॅस्टिकला चालणारं, दात्यांवर पातळ थर. क्लचमध्ये जाड ग्रीस कोंबू नका, आतले रोळ घसरतात. आधीचा भुगा मात्र पुसून, धुऊन काढा, चुंबकांजवळ स्टीलचा कीस चिकटलेला असला तर तोही.

बस, झालं. गिअर परत आले का? बोळका आला, पिवळट आला. पांढरा? हां, मागे ताईंकडे. किती भरले? छत्तीस? आणि शेजारी दादा म्हणतात चौतीस. ताई, पहिला दाता तुम्ही सुरुवातीलाही मोजलात आणि शेवटीही. हे पेन घ्या, एका दात्यावर ठिपका द्या आणि तिथून पुन्हा सुरू करा.