फोडाचे छप्पर

त्वचेच्या आजारावरील व्याख्यानाची सुरुवात मी तोंडापासून करतो, कारण पेम्फिगस व्हल्गॅरिस हा अंगावर आणि तोंडात फोड आणणारा आजार पुष्कळदा तिथेच सुरू होतो. ‘तोंड आले आहे’ असे समजून रुग्ण आधी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतो, मग जेल लावतो, मग दातांच्या डॉक्टरांकडे जातो. अंगावर पहिला फोड उठेपर्यंत त्याला त्वचारोगतज्ज्ञाची आठवणही होत नाही, आणि तोवर काही महिने निघून गेलेले असतात. साधे तोंड येणे आठ-दहा दिवसांत ओसरते. तीन आठवडे उलटूनही न भरणारी तोंडातली जखम तपासूनच घेतली पाहिजे.

त्वचेच्या वरच्या थरातील पेशी डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांनी एकमेकींना धरून असतात. पेम्फिगसमध्ये प्रतिकारशक्ती या स्वतःच्याच प्रथिनांना परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करते, पेशींची पकड सुटते आणि त्या फटीत पाणी साचते. फट वरच्या थरातच पडल्यामुळे फोडाचे छप्पर इतके पातळ असते की तो सैल, लिबलिबीत राहतो आणि लगेच फुटतो. आमच्याकडे येणारा रुग्ण फोडांपेक्षा सोलवटलेल्या ओल्या जखमाच अधिक दाखवतो. बुलस पेम्फिगॉइड या फोडांच्या दुसऱ्या आजारात मात्र हल्ला होतो तो बाह्यत्वचेला खालच्या थराशी जखडणाऱ्या प्रथिनांवर. तिथे सबंध बाह्यत्वचाच पायापासून उचलली जाते, छप्पर जाड असते आणि फोड तट्ट फुगून कित्येक दिवस टिकतो. हा आजार बहुधा उतारवयात होतो आणि फोड येण्याआधी कित्येक आठवडे, कधी महिने, नुसती खाज सुटते. मधुमेहावरील ग्लिप्टिन गटातील गोळ्यांशीही त्याचा संबंध आढळला आहे, म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. गोळी परस्पर बंद मात्र करू नये.

हे दोन आजार वेगळे आहेत हे त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ साली सूक्ष्मदर्शकाखाली, फट कोणत्या थरात पडते ते पाहून दाखवले. पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे सापडली ती १९६४ साली. आजही निदानाचा आधार हाच आहे. आम्ही त्वचेचे दोन लहान तुकडे घेतो: एक ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मॅलिनमध्ये जातो, दुसरा फोडाशेजारच्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या त्वचेचा, तो वेगळ्या द्रावणात ठेवावा लागतो. दुसरा तुकडा चुकून फॉर्मॅलिनमध्ये पडला तर तपासणी वाया जाते, आणि हे होते, म्हणून सांगतो. त्या तुकड्यावर चमकणारे रंगद्रव्य जोडलेली प्रतिपिंडे सोडली की पेम्फिगसमध्ये पेशींभोवती हिरवे जाळे उजळते, पेम्फिगॉइडमध्ये तळाशी एक सरळ हिरवी रेघ.

स्टिरॉइड येण्यापूर्वी पेम्फिगस बहुतेकदा जीव घेत असे, हे त्या औषधाला नावे ठेवताना आपण विसरतो. त्याचे दुष्परिणाम खरेच आहेत: साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. त्यावर उपाय नियमित तपासण्यांचा आहे, गोळी अचानक सोडण्याचा नाही. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्याच्या शरीरातील स्वतःचे संप्रेरक तयार होणे मंदावलेले असते, त्यामुळे गोळी एकाएकी थांबली तर आजार उसळतोच, शिवाय रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो. पेम्फिगॉइडच्या वयोवृद्ध रुग्णांमध्ये अंगभर लावलेले तीव्र स्टिरॉइड मलम पुष्कळदा पुरेसे ठरते आणि गोळ्यांपेक्षा सुरक्षितही. पेम्फिगसमध्ये रिटुक्सिमॅबने चित्र पालटले. हे औषध ज्या पेशींपासून पुढे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तयार होतात, त्यांनाच कमी करते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात थोड्या काळाच्या स्टिरॉइडसह ते घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधांविना आजारमुक्त होते. केवळ स्टिरॉइड घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. रिटुक्सिमॅब देण्यापूर्वी हिपॅटायटिस बी आणि क्षयाची तपासणी करतात, आवश्यक लसीही शक्यतो आधीच उरकून घेतात.

घरी सर्वांत जास्त चूक होते ती छपरापाशी. फोड मोठा, ताणलेला आणि दुखरा असेल तर निर्जंतुक सुईने तळाशी टोचून पाणी निघू द्यावे, पण वरची त्वचा कापू किंवा सोलू नये, कारण खालच्या कच्च्या जखमेवर तिच्याइतके चांगले आवरण कोणत्याही पट्टीचे नसते. चिकटपट्टी थेट त्वचेवर लावू नये. ती काढताना नवी जखम होते. तोंडात जखमा असतील तर मऊ ब्रश, मऊ आणि कोमट अन्न, आणि टोकदार, कुरकुरीत पदार्थांना तूर्त रजा.

माझ्या एका वृद्ध रुग्णाने तीन महिने नातवाला मांडीवर घेतले नव्हते आणि आपला टॉवेल तो वेगळ्या दोरीवर वाळवत असे. हे आजार स्पर्शाने, कपड्यांनी किंवा भांड्यांनी पसरत नाहीत. एकच स्थिती निराळी आहे: गर्भवतीची प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोचू शकतात, त्यामुळे दिवस राहिल्याचे किंवा तसा विचार असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. अशा बाळाला जन्मतः फोड असले तरी आईकडून आलेली प्रतिपिंडे ओसरत जातात, तसे ते बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येतात.