हौद्यातला माणूस

(अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात आमच्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित.)

नमस्कार मंडळी. तिळगूळ सगळ्यांनी घेतलाय, त्यामुळे गोड बोलायची जबाबदारी आता माझ्यावर. ती कितपत निभेल सांगता येत नाही, कारण समोर बसलेल्या निम्म्या आईबाबांना मी आज शिष्यवृत्तीबद्दल जरा कडू सांगणार आहे.

कार्यवाह वहिनींनी ओळख करून देताना मला 'सॉकर कोच' म्हटलं. सॉकर म्हणजे आपला फुटबॉल. मी सहायक कोच, आणि तीन सहायकांतला तिसरा. हे मुद्दाम सांगतो, कारण गेली दहा वर्षं कोल्हापुरातून आईचा फोन आला की शेवटचा प्रश्न ठरलेला: "मग तू तिथला मेन कवा हुनार रं?"

मी शाहू स्टेडियमवर वाढलेला माणूस. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असला की तिथे काय होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून पटायचं नाही. आमच्याकडे फुटबॉलच्या संघांची नावंसुद्धा तालमींवरून. तालमीत वस्ताद कट्ट्यावर बसून बघतो. हौद्यात उतरून पोरांच्या मानेवर हात ठेवतो, माती लावून त्यांच्याकडून जोर-बैठका काढून घेतो, तो थोरला पैलवान. पोरगं मैदान मारून आलं की फेटा वस्तादाला. थोरल्याच्या घरी ते पोरगं संध्याकाळी पाया पडायला जातं, बस्स. अमेरिकेत येऊन मी जे करतो ते हेच. फक्त लाल मातीच्या जागी हिरवं गवत आहे, आणि पाया कुणी पडत नाही.

आलो तो बायकोच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या मागे, जोडीदाराच्या एच-फोर व्हिसावर. इथल्या कितीतरी वहिनींनी जे सोसलं ते मीही सोसलंय: "तुम्ही काय करता?" असं विचारल्यावर पोळ्या चांगल्या करतो म्हणून सांगणं. संध्याकाळी केरीच्या पार्कात आपल्याच मंडळाच्या पोरांना घेऊन चेंडू खेळायचो, तेवढीच माझी कमाई. २०१५ च्या मे महिन्यात काही एच-फोरवाल्यांना कामाची परवानगी मिळायला लागली, त्यात आमचाही नंबर लागला. मग कोचिंगचे परवाने काढत गेलो. इथे ती शिडी ग्रासरूट्सपासून सुरू होते, मग डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. मी बीपर्यंत पोचलोय.

२०१६ मध्ये एका डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या, कॉलेजच्या मुलींच्या संघात जागा मिळाली. जागा म्हणजे काय, तर 'व्हॉलंटिअर असिस्टंट'. कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिचा तेव्हाचा हिशेब असा: एक मुख्य कोच, दोन पगारी सहायक आणि एक बिनपगारी. बिनपगारी हे नियमानेच. कॉलेजला द्यावासा वाटला तरी पगार देता येत नसे. शिवाय बाहेर जाऊन नव्या मुलींचे सामने पाहायलाही त्याला मुभा नव्हती. सकाळी सहाला मैदानावर प्लास्टिकचे शंकू लावायचे, सरावाचं चित्रीकरण करायचं, बसमध्ये शेवटच्या बाकावर बसून ते कापायचं आणि घरी येऊन बायकोने भरलेल्या हप्त्याच्या घरात झोपायचं. सात वर्षं.

मध्यंतरी आमचे मुख्य कोच दुसऱ्या कॉलेजात गेले. या धंद्यात मुख्य हलला की खालचे सगळे हलतात, कारण नवा येताना आपली माणसं घेऊन येतो. आमच्या पहिल्या सहायकाला शाळेत जाणारी दोन मुलं होती. तीन आठवड्यांत घर विकून ते दुसऱ्या राज्यात गेले. पाच वर्षांतला त्यांचा तो तिसरा गाव. मी मात्र राहिलो. मला हुशार समजू नका, फुकटच्या माणसाला कोण काढतं?

१ जुलै २०२३ पासून एनसीएएने हे बिनपगारी पदच रद्द केलं आणि ती जागा पगारी धरायला परवानगी दिली. ज्या दिवशी पहिली पगाराची चिठ्ठी आली त्या दिवशी आमच्या हिने तिचा फोटो काढून दोन्हीकडच्या आईबाबांना पाठवला. आकडा झाकून. जुन्या बिनपगारी कोचांनी एनसीएएवर खटलेही भरले होते. आधी बेसबॉलवाल्यांनी, मग बाकी खेळांतल्यांनी. बाकी खेळांचा समझोता २०२५ मध्ये ३०.३ कोटी डॉलरवर आला. त्यातून आमच्या वाट्याला काय येईल ते येईल, पण त्यातून स्वयंपाकघराची फरशी बदलायची हे घरात ठरून गेलंय.

आता कामाबद्दल. तुम्हाला शनिवारी टचलाइनवर हात हलवणारा माणूस दिसतो. हंगामात मुलींना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त गुंतवता येत नाही आणि हंगाम संपला की ८. आम्हाला मात्र अशी मर्यादा नाही. कोणाचा केमिस्ट्रीचा पेपर बुधवारी आहे, कोणाचं घरी बिनसलंय, कोणाचा गुडघा 'ठीक आहे' म्हणतानाही ठीक नाही, हे सहायकाला माहीत असावं लागतं. मुख्य कोचकडे मुलगी गेली की ती संघात जागा मिळेल का याचा विचार करत बोलते. माझ्याकडे येते तेव्हा तिला माहीत असतं की अकरा जणींची यादी मी लिहीत नाही, म्हणून खरं बोलते. ज्या दिवशी ती यादी माझ्या हातात येईल त्या दिवशी हे ऐकू येणं बंद होईल. आईला हे फोनवर समजावणं मला कधी जमलं नाही.

आणि उन्हाळ्यातलं मोठं काम म्हणजे नव्या मुली शोधणं. दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून आम्ही मुलींशी थेट बोलू शकतो. त्या तारखेला घड्याळात बारा वाजले की फोन सुरू. २०१९ च्या आधी हा नियम असा नव्हता, तेव्हा आठवीतल्या पोरी तोंडी होकार देऊन बसायच्या.

तर आईबाबा, इथे ऐका. तुमची मुलगी आम्हाला ईमेल करते तेव्हा तो तुम्ही लिहिलाय हे पहिल्या ओळीत कळतं. पंधरा वर्षांची पोर 'आपल्या नामांकित संस्थेच्या उज्ज्वल परंपरेबद्दल' लिहीत नाही. पदवीचं वर्ष, कुठल्या जागी खेळते, सामन्याची वेळ, तीन मिनिटांचा व्हिडिओ, पुरे. दुसरं, 'फुल राइड', म्हणजे सगळा खर्च भागवणारी शिष्यवृत्ती, हा शब्द डोक्यातून काढा. मुलींच्या डिव्हिजन वन सॉकरमध्ये कॉलेजला जास्तीत जास्त १४ शिष्यवृत्त्या असायच्या, मुलांना ९.९. त्यांचे तुकडे करून वाटायचे. अठ्ठावीस जणींत चौदा म्हणजे सरासरी निम्मी, आणि सरासरीने कोणाचंच पोट भरत नाही. एखादीला पुस्तकांपुरते पैसे, एखादीला काहीच नाही. खेळाडूंनी भरलेल्या वेगळ्या खटल्यातल्या २०२५ च्या करारानंतर, तो स्वीकारणाऱ्या कॉलेजांत ही मर्यादा गेली. तिच्या जागी संघात फक्त २८ जणी, असा नियम आला. शिष्यवृत्त्यांना मर्यादा नाही म्हणजे पैसे आले असं नाही. आमच्या कॉलेजात नाही आले. होकार देऊन बसलेल्या दोन मुलींना 'आता जागा नाही' हे सांगणारे फोन मात्र आले, आणि ते माझ्या वाट्याला. त्यातल्या एकीच्या बाबांनी शांतपणे विचारलं, "तुम्हीच आमच्या घरी जेवून गेला होता ना?" जेवून गेलो होतो.

आईच्या प्रश्नाकडे परत येतो. आपल्या शेजारी चॅपल हिलला, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींच्या संघात, बिल पॅलाडिनो नावाचे गृहस्थ होते. तिथले मुख्य कोच अ‍ॅन्सन डॉरन्स यांचं नाव तुम्हाला ठाऊक असेल, मुलींच्या सॉकरमध्ये एवढं यश कोणाच्या वाट्याला आलेलं नाही. मिया हॅम ही नावाजलेली खेळाडू त्यांच्याच हाताखालची. त्यातली जवळजवळ चाळीस वर्षं पॅलाडिनो त्यांच्या शेजारी सहायक म्हणून होते. एवढी वर्षं दुसऱ्या खुर्चीवर, आणि त्या संघाच्या जुन्या मुली त्यांना 'डिनो' म्हणून ओळखतात.

पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, डॉरन्स निवृत्त झाले. सहायक डेमन नाहास यांच्याकडे तात्पुरता कारभार आला. डिसेंबरमध्ये अंतिम सामना आपल्या केरीतच, वेकमेड पार्कवर होता. इथून कितीतरी जण दहा मिनिटांवर राहता. आई तेव्हा आमच्याकडे आलेली. थंडी मरणाची. तिला दोन स्वेटर, वर माझं जॅकेट आणि त्यावर तिची शाल अशी गुंडाळून घेऊन गेलो. नॉर्थ कॅरोलायनाने वेक फॉरेस्टला १-० हरवलं, एनसीएएचं बाविसावं विजेतेपद. सगळ्या मुली नाहास यांच्याकडे धावत सुटल्या.

आई म्हणाली, "ह्यो मेन व्हय?"

म्हटलं, "हो. ऑगस्टपर्यंत सहायक होता, माझ्यासारखा."

आता ती तोच प्रश्न विचारणार म्हणून मी तयारीत होतो. ती बराच वेळ मैदानाकडे बघत राहिली. मग शाल नीट करत म्हणाली, "मग त्याचं काम आता कोन करतंय?"